रुपयाचा प्रश्न आपलाच आहे



कलेक्टर व्हायला निघालेली आपली बरीच पोरं ऐच्छिक विषय निवडताना अर्थशास्त्राला लांबूनच रामराम करतात. का? तर म्हणे गणित लागतं, आलेख काढावे लागतात, मार्क पडत नाहीत. क्लासवाला सांगतो, हे नको, ते घे, ते स्कोअरिंग आहे. पोरं मान डोलावतात. मला हे पटत नाही.

मी मॅट्रिक. गोदीत ओझी उचलतो. यूपीएससीला पदवी लागते, म्हणजे त्या दारात मला उभं करणार नाहीत. मग तू कशाला शहाणपणा शिकवतोस, असं कुणी म्हणेल. पण अर्थशास्त्र ही काय पदवीधरांच्या बापाची पेंड नाही. माल, मजुरी, महागाई, बेकारी. यातलं आम्हाला पुस्तक उघडायच्या आधीच पाठीनं कळलेलं असतं.

ऐच्छिक विषयाचे दोन पेपर, मिळून ५०० मार्क. मुलाखतीसकट सगळी परीक्षा २०२५ मार्कांची. म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. पेपर मराठीत लिहायचीही मुभा आहे.

आता अभ्यासक्रम वाचा. दुसऱ्या पेपरात वकील, गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांचं योगदान नावानिशी छापलंय. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण बाबासाहेबांचं नाव? शोधा. राज्यशास्त्रात सापडेल, अर्थशास्त्रात नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा डी.एस्सी., १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर अख्खा ग्रंथ लिहिणारा, १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढं साक्ष देणारा माणूस अर्थशास्त्राच्या यादीत नाही!

यादीत नसेल तर उत्तरात आणा. जागा भरपूर आहेत.

पहिल्या पेपरात आर्थर लुईसचं प्रतिमान आहे. शेतीवर फाजील हात पडून आहेत, ते उद्योगात न्या, असं त्यानं १९५४ साली मांडलं. लुईस काळा माणूस, सेंट लुशिया बेटावरचा. वसाहतीत काळ्याला इंजिनियरची नोकरी मिळणार नाही म्हणून तो दुसरीकडं वळला आणि १९७९ साली नोबेल घेऊन गेला. त्याला जरूर वाचा. पण बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतजमिनींवरच्या लेखात सांगितलं होतं की नुसते तुकडे जोडून भागणार नाही. शेतीला भांडवल नाही, रिकाम्या हातांचा बोजा मात्र आहे, तेव्हा उद्योग वाढवा. लुईसच्या ३६ वर्षं आधी.

पैसा आणि चलन आलं की रुपयाचा ग्रंथ काढा. रुपया पडला की निर्यातदार खूष. पण तो नफा आभाळातून पडत नाही. भाव चढतात, मजुरी मागं रेंगाळते, आणि मजुराच्या ताटातलं व्यापाऱ्याच्या गल्ल्यात जातं. हा मुद्दा बाबासाहेबांचा. धक्क्यावर जहाज भरणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

आणि मजुरीच्या बाजाराचा तो सरळ आलेख! जिकडं मजुरी जास्त तिकडं मजूर जातो म्हणे. मग गटारात उतरणारा माणूस पिढ्यान् पिढ्या त्याच जातीचा का? १९३६ सालीच बाबासाहेबांनी दाखवलं होतं की जात नुसती कामं वाटत नाही, ती कामगारांनाच एकमेकांपासून तोडते. हे लिहा. शिव्या देऊन नाही. आलेख काढून, त्यात कुठं खोट आहे ते दाखवून लिहा. तपासणारा मार्क देईल, कारण मुद्दा बिनतोड आहे.

पण मार्क एवढ्यासाठीच हे सांगत नाही. उद्या तुम्ही खुर्चीवर बसाल. किमान वेतनाची फाईल समोर येईल. वस्तीसाठी मंजूर झालेला पैसा दुसरीकडं वळवायचा कागद येईल. आकडा वाचता आला नाही तर तुम्ही मुकाट सही ठोकाल, आणि ती सही आमच्या पाठीवर पडेल. नुसता आपला माणूस खुर्चीत बसून काय उपयोग? त्याला हिशोब कळला पाहिजे.

गणिताला भिऊ नका. ज्यांच्या घरात महिनाअखेरीला पाच रुपयांत दोन वेळचं बसवलं जातं, त्यांना गणित येत नाही असं कोण साला म्हणतो?