रुपयात किती आणे?

छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल टी पॉइंटवर सकाळी उभं राहिलं की फुलंब्री-सिल्लोडकडून येणाऱ्या एसटीतून, काळी-पिवळीतून डोक्याला स्कार्फ घट्ट गुंडाळलेल्या बायका उतरताना दिसतात. उन्हामुळे इकडे सगळ्याच बायका स्कार्फ बांधतात. कुणाच्या स्कार्फखाली केस उरलेले नाहीत, हे कळतं ते हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीतल्या जाडजूड फाइलमुळे. तिथून रिक्षा करायची आणि आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय गाठायचं.

२०२२ या एका वर्षात देशात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. किमो देण्याआधी प्रत्येकीचं वजन, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी मोजतात. पेशी कमी भरल्या तर डोस पुढे ढकलतात. पण आठ रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, याला बहुतेक केसपेपरांवर रकानाच नसतो. ही हयगय जिवावर बेतू शकते. मनानं खचलेली बाई तारखा चुकवण्याची, पाच-पाच वर्षं घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्या मध्येच बंद करण्याची भीती जास्त असते.

मोजायची साधनं नाहीत असंही नाही. १९८३ साली निघालेल्या चौदा प्रश्नांच्या एका प्रश्नावलीत शारीरिक तक्रारी मुद्दाम गाळल्या आहेत, कारण थकवा आणि भूक मरणं हे औषधानंही होतं नि उदासीनंही. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये त्याहून सोपा उपाय मांडला. कागदावर तापमापी काढायची आणि शून्य ते दहात मनाचा त्रास किती, एवढंच विचारायचं. (पहिल्यांदा तो वापरला पुरुषांवर, प्रोस्टेटच्या रुग्णांवर!) आता चार किंवा त्याहून जास्त आकडा आला की पुढची चौकशी करावी, असा संकेत आहे.

पण सिल्लोडच्या आजीला तापमापीचं चित्र काय सांगणार? ‘डिप्रेशन’ हा शब्द तिच्या गावचा नाही. ती म्हणते, ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात मन लागत नाही.’ तिला विचारावं, ‘आई, रुपयात किती आणे त्रास?’ दहातले चार म्हणजे साधारण साडेसहा आणे. हा हिशेब इथल्या बायकांवर तपासूनच वापरावा लागेल, आणि ते काम मराठवाड्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांचंच आहे. विचारताना सासू किंवा नवरा शेजारी नको. ते उभे असले की उत्तर ठरलेलं: ‘बरं हाय.’

नुसतं मोजून भागणार नाही. आकडा लिहून घेऊन बाईला तशीच घरी धाडणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. शहरातल्या घाटी या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, २०१७ च्या कायद्यानं सरकारी मानसिक उपचारांचा हक्कही दिला आहे. आकडा चढला की त्याच दिवशी, त्याच फेरीत तिला तिथवर नेऊन पोचवणारं माणूस नेमायला हवं. दुसऱ्या खेपेचं भाडं तिला परवडत नाही.

किमोचा पुढचा डोस बहुधा एकवीस दिवसांनी असतो. केसपेपरवर एक रकाना वाढवायला आरोग्य खात्याला तेवढे दिवस पुरावेत.