छतावरची छत्री आणि किब्ल्याची रेषा

महिन्याचा रिचार्ज संपला की टीव्ही बंद, आणि पुढचे पैसे हातात येईपर्यंत तो बंदच. अशी घरे आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. धुळ्यात यंत्रमागावर आठवड्याच्या हिशेबाने काम करणारे, रावेर-यावलकडे केळीच्या बागेत रोजंदारीला जाणारे, भुसावळच्या बाजारात हातगाडी लावणारे. हात आखडला की या घरांत रिचार्ज आधी कापला जातो, आणि ते बरोबरच आहे. किराणा आणि दवाखाना त्याच्या आधी येतात. पण याच घरांत सातवी-आठवीची मुले असतात आणि घरातला एकुलता एक मोबाइल सकाळी अब्बांच्या खिशातून कामावर जातो. वर्गात मी मुलींना म्हणते, अमुक प्रयोग संध्याकाळी मोबाइलवर बघून या. मागच्या बाकावरून उत्तर येते, "मॅडम, मोबाइल रात्री नऊला घरी येतो."

म्हणून या महिन्यात छतावर चढू या.

प्रसार भारतीची 'डीडी फ्री डिश' ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. छत्री, बॉक्स आणि वायर यांचा खर्च एकदाच, दरमहा काही नाही. तीवर सह्याद्री आहे, १५ ऑगस्ट २००६ ला सुरू झालेली डीडी उर्दू आहे, बातम्या आहेत, जुने सिनेमे आहेत. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे स्वयंप्रभा आणि पीएम ई-विद्या या शिकवणीच्या वाहिन्याही याच उपग्रहावरून येतात. त्यांतले बरेचसे धडे हिंदी-इंग्रजीत असतात, हे आधीच सांगते. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलाला पहिले काही दिवस अडखळायला होईल. तरीही पेशीची आकृती, भिंगातून जाणारा किरण किंवा त्रिकोणाची रचना डोळ्यांसमोर होताना दिसली, तर भाषेची अडचण अर्धी होते.

अडचण येते ती छत्री नेमकी कुठे वळवायची याची. धुळ्याला माझी खाला राहते. तिच्याकडे छत्री होती, बॉक्स होता, चित्र नव्हते. एक मेकॅनिक दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा पैसे घेतले आणि जाताना म्हणाला की पत्राच खराब आहे. "बेटा, नवी छत्री घ्यावी लागेल म्हणतो तो," खालाने मला सांगितले. मी म्हटले, "खाला, छत्रीचा पत्रा असा खराब होत नसतो. वाकला असेल तर डोळ्यांना दिसेल. आधी ती कुठे बघतेय ते पाहू." मी आणि भाभी वर गेलो. पत्रा चांगला गोल होता. खांबाचा पाइप मात्र एका बाजूला झुकलेला, आणि छत्री शेजारच्याच उपग्रहाकडे तोंड करून बसलेली.

आता थोडे भूगोलाचे. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवर पृथ्वीभोवती एक फेरी मारायला पृथ्वीच्या स्वतःच्या एका फेरीइतकाच वेळ लागतो, म्हणून खालून पाहणाऱ्याला उपग्रह एका जागी खिळलेला वाटतो. छत्री एकदा लावली की पुन्हा हलवावी लागत नाही ती यामुळेच. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला आहे, तेव्हा खानदेशातली टीव्हीची प्रत्येक छत्री दक्षिणेच्या अंगाला पाहते. कोणी थोडी पूर्वेकडे कलून, कोणी जास्त. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमात्रा बेटाच्या पश्चिमेला हिंदी महासागराच्या वर आहे. जळगाव ७५.५ अंशांच्या आसपास, धुळे पावणेपंच्याहत्तरच्या. म्हणजे आपल्याला आग्नेयेकडे पाहायचे.

(हा उपग्रह दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून एरियन रॉकेटने गेला. त्याच रॉकेटवर अरबसॅटचाही एक उपग्रह होता. आपल्या घड्याळाप्रमाणे तारीख होती ११ नोव्हेंबर २०१५, म्हणजे मौलाना आझादांची जयंती, आपला राष्ट्रीय शिक्षण दिन. योगायोगच, पण शिक्षकाला असे योगायोग आवडतात.)

आग्नेय म्हणणे सोपे, छतावर उभे राहिले की ती सापडत नाही. पण आपल्या प्रत्येक घरात एक दिशा पक्की ठाऊक असते, रात्री लाइट गेली तरी चुकत नाही, ती किब्ल्याची. जळगाव-धुळ्याहून किब्ला साधारण २७७ अंशांवर येतो, म्हणजे पश्चिमेपासून सात अंश उत्तरेकडे. उपग्रह जळगावहून १३८ अंशांवर आणि धुळ्याहून साडेएकशे छत्तीसवर. हे गणित मांडले की काम एकदम सोपे होते. किब्ल्याकडे तोंड करून उभे राहा. उपग्रह तुमच्या डाव्या खांद्याच्या मागे आहे. नमाजेत दुसरा सलाम फेरताना मान ज्या खांद्याकडे वळते, त्याच खांद्यामागे.

नेमके करायचे असेल तर छतावर खडूने किब्ल्याची रेषा ओढा आणि ती सरळ मागे वाढवा. आता तुमची पाठ किब्ल्याकडे आहे. मुलाच्या कंपास पेटीतला कोनमापक घ्या आणि त्या वाढवलेल्या रेषेपासून उजव्या हाताला, म्हणजे दक्षिणेकडे, ४० अंश मोजा. जळगावला ते ४१ भरतात, धुळ्याला ३९. चाळीस धरले तरी सुरुवात अगदी जवळून होते. या दुसऱ्या रेषेवर छत्रीचे तोंड आणा. मोबाइलमधल्या होकायंत्राने करायचे असेल तर तेही चालते, कारण आपल्याकडे होकायंत्राच्या उत्तरेत आणि खऱ्या उत्तरेत नाव घेण्याइतका फरक नाही. मात्र लोखंडी पाइप, सळया आणि पाण्याच्या टाकीच्या स्टँडपासून चार पावले लांब उभे राहूनच मोजा, नाहीतर सुई लोखंडाचे ऐकते.

शेजाऱ्यांच्या छतावरही नजर टाका. आकाशाचा नकाशाच तिथे मांडलेला असतो. टाटा प्लेच्या छत्र्या ८३ अंशांच्या उपग्रहाकडे पाहतात, म्हणून आपल्यापेक्षा बऱ्याच दक्षिणेकडे वळलेल्या आणि जास्त वर तोंड केलेल्या दिसतील. एअरटेलच्या १०८ अंशांकडे, म्हणजे जास्त पूर्वेला आणि खाली. आणि डिश टीव्हीच्या ९५ अंशांकडे, आपल्यापासून फक्त दीड अंश. फसगत होते ती इथेच. वर त्या दोन उपग्रहांत अकराशे किलोमीटरचे अंतर आहे, पण आपल्या छतावर ते जेमतेम अडीच अंशांचे वळण. खालाची छत्री तिथेच अडकली होती. याची दुसरी बाजू अशी की कोणाची डिश टीव्हीची जुनी छत्री छतावर पडून असेल तर ती टाकू नका. पत्रा तोच चालतो, किंचित दक्षिणेकडे आणि सुमारे एक अंश वर करायची.

उंचीचा कोन जळगावला ५८ अंश, धुळ्याला साडेसत्तावन. छत्रीच्या मागच्या क्लॅम्पवर अंशांच्या खुणा असतात, तिथे ५८ लावा. पत्रा पाहून तुम्हाला वाटेल की हा इतका वर कुठे बघतोय, हा तर समोरच्या घराच्या गच्चीकडे बघतो. या छत्र्यांचा आकारच असा असतो; एलएनबीचा दांडा खालून पुढे येतो आणि पत्रा दिसतो त्यापेक्षा बराच वरचा सिग्नल पकडतो. क्लॅम्पच्या खुणांत तो हिशेब धरलेला असतो. पण त्या खुणा खऱ्या ठरतात त्या पाइप अगदी उभा असेल तरच. गवंड्याचा ओळंबा मागून आणा, किंवा दोऱ्याला नट बांधा आणि पाइप दोन बाजूंनी तपासा. खालाच्या छतावर आमचा निम्मा वेळ पाइप सरळ करण्यातच गेला, आणि खरे काम तेच होते.

आता बॉक्स. मेन्यूत उपग्रह ९३.५ निवडा, एलएनबी युनिव्हर्सल म्हणजे ९७५०/१०६००, फ्रिक्वेन्सी ११०९०, पोलरायझेशन व्ही, सिम्बॉल रेट २९५००. पडद्यावर दोन पट्ट्या येतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. पहिलीकडे लक्षच देऊ नका. वायर जोडली आणि एलएनबीला वीज मिळाली की ती पट्टी भरते, छत्री भिंतीकडे तोंड करून असली तरी. "सिग्नल तर येतोय, पत्राच खराब आहे," असे म्हणणारे हीच पट्टी दाखवतात. आपल्याला हवी क्वालिटी.

नट इतकेच आवळा की छत्री हाताने सरकेल पण आपोआप पडणार नाही. एक जण टीव्हीसमोर, एक छतावर, आणि मध्ये जिन्यात निरोप पोचवायला एखादे मूल. "आया, आया... गया!" हा आवाज ज्या घरातून आला नाही ते घर विरळाच. तो "गया" बहुतेक वेळा घाईचा असतो. बॉक्सला सिग्नल ओळखायला एक-दोन सेकंद लागतात. छत्री सरसर फिरवली तर उपग्रह येऊन निघून जातो आणि बॉक्सला कळतही नाही. बोटभर सरकवा, तीनपर्यंत मोजा, मग पुन्हा बोटभर. ५८ वर डावी-उजवीकडे फिरून काही आले नाही तर ५७ करा, मग ५९. क्वालिटी आली की थांबून शोध चालवा आणि वाहिन्यांची नावे वाचा. सह्याद्री, डीडी न्यूज दिसले तर पोचलात. पट्टी भरली पण यादीत दूरदर्शन नाहीच, तर तुम्ही शेजाऱ्याच्या दारात उभे आहात. शेवटी एलएनबी तिच्या पकडीत दोन्ही बाजूंना हळूहळू पिळून बघा. जिथे पट्टी सर्वांत वर जाते तिथे स्क्रू घट्ट करा. ही पायरी मेकॅनिकही गाळतात, आणि मग पहिल्या पावसातच चित्राचे चौकोन होतात.

खालाच्या घरी चित्र आले तेव्हा तिने आधी छत्रीकडे पाहिले, मग भाभीकडे, आणि विचारले, "नवी नाही ना घेतली?"

झाड आड येते का, हे ओळखायची एक गंमत आहे. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो: मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत अकराला थोडे कमी असताना. त्या काही दिवसांत चित्र काही मिनिटे जाते. बिघाड समजून छत्री हलवू नका. उलट त्या वेळी छत्रीवर कडुनिंबाची सावली पडलेली दिसली तर समजा की सिग्नलच्या वाटेत फांदी आहे.

आपल्याकडे अशा छत्र्यांची गोष्ट जुनी आहे. १९७५-७६ मध्ये 'साइट' नावाच्या प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत अमेरिकन उपग्रहावरून शाळेचे आणि शेतीचे कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता. तो उपग्रह पूर्व आफ्रिकेच्या वर होता, त्यामुळे जाळीच्या त्या दहा-दहा फुटी छत्र्या पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असत.

काही सूचना घाईने. छतावरून विजेच्या तारा जात असतील तर त्या बाजूला पाइप उभाच करू नका. पत्र्याच्या छपरावर चढू नका, भिंतीला क्लॅम्प ठोका. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात स्वस्त वायरीचे कातडे तडकते आणि जूनमध्ये आत पाणी जाते, तेव्हा वायर चांगली घ्या आणि जोडावर चिकटपट्टी गुंडाळा. बॉक्स घेताना एमपेग-४ चा मागा, जुन्या एमपेग-२ बॉक्सवर सगळ्या वाहिन्या उघडत नाहीत. खासगी वाहिन्या इथे जागेचा लिलाव लावून येतात आणि नवे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, म्हणून एप्रिलमध्ये एखादी मालिका गायब झाली तर छत्रीला हात न लावता फक्त बॉक्समध्ये शोध पुन्हा चालवा.

आणि सगळे नट आवळून झाले की पाइप आणि क्लॅम्प यांच्यावरून मिळून एक आडवी-उभी रेघ नेलपॉलिशने ओढून ठेवा. वळवाच्या वावटळीत छत्री फिरली, तर रेघेला रेघ जुळवायची. भाभीने लाल रंगाची ओढली आहे.