वेगाचे गणित ब्रेकमध्ये असते

काळेवाडी, रहाटणी, पिंपरी कॅम्प या परिसरांतील ज्या ज्या घरांशी माझा जुना व्यवहारी स्नेह आहे, त्यांपैकी बहुतेक घरांतून अलीकडे एकच तक्रार कानी येते. दुकानाचे शटर ओढून, रोजमेळ लिहून वडील रात्री घरी यावेत, तर दिवाणखान्यातील टीव्हीवर मोटारी धावत असतात आणि चिरंजीव हातात कंट्रोलर धरून एकाच रस्त्यावर पन्नासावी फेरी मारीत असतात. ‘यातून मिळते काय?’ असा वडिलांचा प्रश्न असतो. मुलाला आपल्या फेरीची वेळ अर्ध्या सेकंदाने कमी करायची असते. दोघेही आपापल्या जागी खरे असतात, परंतु एकमेकांची भाषा त्यांना उमगत नाही. या लेखात मी दुभाष्याचे काम करणार आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ ही निराळी गोष्ट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र शासनाने कायदा करून अशा खेळांवर बंदी आणली आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला, म्हणजे कौशल्यावर चालणाऱ्या स्पर्धात्मक खेळांना, वेगळे स्थान दिले. मुलगा जो खेळ खेळतो त्यात डाव लावला जातो का, खेळातल्या गाड्या विकत घेण्यासाठी घरातील कुणाच्या खात्यातून पैसे जातात का, एवढे पालकांनी अवश्य तपासावे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर राग बाजूला ठेवून त्याच्या शेजारी बसावे आणि तो नेमके काय करतो ते पाहावे.

या खेळांतील ‘टाइम ट्रायल’ नावाच्या प्रकारात दुसरा प्रतिस्पर्धी नसतो. रस्ता ठरलेला, गाडी ठरलेली, आणि स्पर्धा केवळ आपल्या कालच्या वेळेशी. पडद्यावर आपल्याच सर्वोत्तम फेरीची अर्धपारदर्शक गाडी पुढे धावताना दिसते. तिला मुले ‘घोस्ट’ म्हणतात. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किट या आपल्या देशातील शर्यतमार्गाचे उदाहरण घेऊ. तेथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि त्या काळच्या खेळांतही हा मार्ग समाविष्ट होता. लांबी ५.१२५ किलोमीटर, वळणे १६. सेबास्टियन व्हेटेलने २०११ च्या शर्यतीत तेथे १ मिनिट २७.२४९ सेकंदांची फेरी नोंदवली. म्हणजे ताशी सुमारे २११ किलोमीटरची सरासरी. सोळा वळणे घेऊन ही सरासरी कशी साधते, हाच या खेळाचा अभ्यासक्रम होय.

नवशिक्या मुलाची समजूत अशी असते, की वेळ कमी करायची तर अ‍ॅक्सिलरेटर अधिक दाबावा. परंतु सरळ पट्ट्यावर तो सर्वांचाच पूर्ण दाबलेला असतो. तेथे नवखा आणि निष्णात यांत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो वळणावर, आणि वळणाचा निकाल वळणाच्या आधी, ब्रेक कोठे व किती दाबला, यावर लागतो.

व्यापारी वाचकांना ही गोष्ट कॅश क्रेडिटच्या उदाहरणाने चटकन पटेल. बँक आपल्याला एक मर्यादा मंजूर करते. त्या मर्यादेत माल भरा, देणी भागवा, परंतु एकूण उचल मर्यादेपलीकडे जाता कामा नये. टायरची रस्त्यावरील पकड ही अशीच मंजूर मर्यादा आहे. ब्रेक लावणे, वळणे आणि वेग वाढवणे ही तिन्ही कामे त्या एकाच खात्यातून उचल करतात. पूर्ण ब्रेक दाबून त्याच क्षणी स्टिअरिंगही पूर्ण फिरवले, तर खाते ओव्हरड्रॉन होते. गाडी वळतच नाही, सरळ घसरत मातीत जाते. म्हणून जाणकार खेळाडू गाडी सरळ असतानाच जोरात ब्रेक लावतो आणि स्टिअरिंग जसजसे फिरवतो तसतसा ब्रेक हलके हलके सोडत जातो. एका बाजूची उचल कमी करीत दुसरी वाढवायची आणि बेरीज मर्यादेच्या अगदी जवळ ठेवायची. उत्तम खाते चालवणारा व्यापारी याहून वेगळे काय करतो?

दुसरे तत्त्व मार्गाचे. वळणाच्या बाहेरील कडेने आत शिरावे, मध्यावर आतील कडेला स्पर्श करावा आणि पुन्हा बाहेरील कडेने निघावे. असे केल्याने त्याच वळणाची त्रिज्या मोठी होते. पदार्थविज्ञान सांगते, की पकड तेवढीच असेल तर त्रिज्या चौपट झाल्यास वेग दुप्पट ठेवता येतो. रस्त्याची पूर्ण रुंदी वापरणे म्हणजे फुकट मिळालेले भांडवल वापरणे.

तिसरे तत्त्व सर्वांत मोलाचे. वळणात शिरताना थोडा वेग सोडावा, पण बाहेर पडताना वेग अधिक असावा. ब्रेक फार उशिरा दाबून जो क्षण वाचतो, तो त्या वळणापुरताच. उलट बाहेर पडताना मिळालेला जादा वेग पुढच्या संपूर्ण सरळ पट्ट्यावर साथ देतो. एक किलोमीटरचा पट्टा ताशी २०० च्या सरासरीने कापण्यास १८ सेकंद लागतात. सरासरी २०५ झाली तर १७.५६ सेकंद. जवळजवळ अर्धा सेकंद एका पट्ट्यावर, तोही केवळ आधीच्या वळणावर धीर धरल्यामुळे! म्हणून ज्या वळणानंतर लांब पट्टा आहे, त्या वळणाचा अभ्यास प्रथम करावा. सगळ्या उधाऱ्यांमागे एकाच वेळी धावण्यापेक्षा मोठी रक्कम अडकलेली दोन खाती आधी हाताळावीत, तसे हे.

आता पद्धतीकडे वळू. आमच्याच स्नेह्यांपैकी एका कापडव्यापारी कुटुंबात नववीतला मुलगा तीन आठवडे एकाच वेळेवर अडकला होता. चिडचिड वाढली, जेवणाच्या ताटावरून उठणे सुरू झाले आणि त्याच्या वडिलांनी यंत्र विकून टाकण्याचे ठरवले. आजोबांच्या आग्रहावरून मी मध्ये पडलो. मला त्या खेळातले काही येत नव्हते, परंतु आकडे वाचता येत होते. मुलाला म्हटले, ‘बेटा, दहा फेऱ्या मार आणि प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिही. चांगलीही आणि वाईटही.’ सर्वोत्तम फेरी १ मिनिट ३४.६ सेकंदांची निघाली, सर्वांत वाईट १ मिनिट ४१.२ ची. साडेसहा सेकंदांचा फरक! तो म्हणाला, ‘आजोबा, वाईट फेऱ्या मोजायच्या नसतात.’ मी म्हटले, ‘ज्या दुकानात तोट्याचे दिवस वहीत लिहीत नाहीत, त्या दुकानाला कर्ज देताना आम्ही दहा वेळा विचार करायचो.’

तेथून खरी सुरुवात झाली. नियम तीनच ठरले. पहिला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ब्रेकची खूण बदलली तर गाडीची रचना बदलायची नाही, नाहीतर लाभ कशाने झाला ते कळत नाही. दुसरा, प्रत्येक वळणासाठी ब्रेक दाबण्याची एक स्थिर खूण ठरवायची. रस्त्याकडेची अंतरदर्शक पाटी, कुंपणाचा कोपरा, रंगीत पट्टा, काहीही चालेल, पण ती हलणारी नसावी. तिसरा, सर्वोत्तम वेळेचा पाठलाग सोडून आधी दहाही फेऱ्या एका सेकंदाच्या आत आणायच्या.

खेळ स्वतःच फेरीचे तीन भाग पाडून प्रत्येकाची वेळ दाखवतो. त्याच्या वहीत पहिल्या भागाची सर्वोत्तम वेळ ३०.२ सेकंद, दुसऱ्याची ३४.५ आणि तिसऱ्याची २८.६ होती. बेरीज ९३.३, म्हणजे १ मिनिट ३३.३ सेकंद. याचा अर्थ १.३ सेकंदांचे कौशल्य त्याच्याजवळ होतेच. ते एका फेरीत एकत्र येत नव्हते, इतकेच. हा आकडा पाहून मुलाचा चेहरा प्रथमच उजळला. आपण हरलो आहोत ही भावना गेली आणि आपली येणी बाकी आहेत हे त्याला कळले.

काही लहान गोष्टींनीही हातभार लावला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ सुरू केला. तो बंद असला की बोटाची हालचाल आणि पडद्यावरील हालचाल यांत किंचित विलंब राहतो. जगातल्या अव्वल खेळाडूचा घोस्ट काढून टाकून स्वतःपेक्षा अर्ध्या सेकंदाने पुढे असलेल्या खेळाडूचा घोस्ट लावला, कारण फार पुढे निघून गेलेली गाडी काहीच शिकवीत नाही. आणि बैठक अठ्ठेचाळीस मिनिटांची ठरली. एका मुहूर्ताचे मोल आपल्या घरांत कुणाला समजावून सांगावे लागत नाही. थकलेला हात चुकाच पक्क्या करतो. चार आठवड्यांनंतर त्याची सर्वोत्तम फेरी १ मिनिट ३३.१ सेकंदांची होती. मला मात्र दुसरा आकडा अधिक आवडला. दहांतील सर्वांत वाईट फेरी १ मिनिट ३४.४ ची होती, म्हणजे महिन्यापूर्वीच्या सर्वोत्तम फेरीहूनही चांगली. यंत्र विकण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

या कौशल्याला बाहेरच्या जगात किंमत आहे का, असे व्यापारी मन विचारणारच. आहे, परंतु फार थोड्यांसाठी. निस्सान कंपनी आणि ‘ग्रान तुरिस्मो’ हा खेळ यांनी मिळून खेळाडूंतून खरे शर्यतचालक निवडण्याची स्पर्धा सुरू केली. २००८ मध्ये तिचा पहिला विजेता ठरलेला स्पेनचा लुकास ऑर्दोनेझ त्या वेळी एमबीएचे शिक्षण घेत होता. २०११ मध्ये ब्रिटनचा यान मार्डनबरो सुमारे ९० हजार स्पर्धकांतून निवडला गेला आणि २०१३ साली हे दोघे एकाच गाडीतून फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरे आले. आपल्या पट्ट्यातही या क्षेत्राचे दार अगदीच बंद नाही. चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलो गाड्यांची शर्यतमालिका २०१० मध्ये सुरू झाली होती. तरीही हजारांत एकाला मिळणाऱ्या संधीवर घरचा अर्थसंकल्प कुणी बेतू नये. या खेळाची मिळकत म्हणजे मोजण्याची, नोंदण्याची आणि धीर धरण्याची सवय. ती पुढे गल्ल्यावरही उपयोगी पडते.

आता ज्या कारणासाठी हा विषय मी मुद्दाम हाती घेतला, त्याकडे येतो. मार्च २०१५ मध्ये जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग येथे शर्यत चालू असताना याच मार्डनबरोची गाडी हवेत उचलली जाऊन कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. प्रशिक्षित चालक, राखीव रस्ता, सर्व व्यवस्था असतानाही असे घडले. पडद्यावर चुकले तर एक बटण दाबून फेरी पुन्हा सुरू होते. रस्त्यावर ते बटण नसते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्श गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे. प्रकरण न्यायालयापुढे असल्याने त्यावर भाष्य करणे उचित नव्हे, परंतु आपल्या घरांतील किल्ल्यांविषयी बोलणे नक्कीच उचित आहे. दुकानाच्या डिलिव्हरीसाठी घेतलेली स्कूटर ‘जरा कॅम्पातून जाऊन ये’ म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती देणारी घरे काळेवाडीत कमी नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेले कलम १९९अ सांगते, की अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जाईल. तीन वर्षांपर्यंत कारावास, २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. दंड भरण्याची ऐपत आपणा सर्वांत आहे. गेलेला जीव परत आणण्याची ऐपत कुणातच नाही.

सुज्ञ पालकहो, आपल्याकडे महामार्गावर ‘अति घाई संकटात नेई’ अशी पाटी असते. मुले ती वाचतात आणि विसरतात. परंतु ज्या मुलाने शंभर फेऱ्यांची वही लिहिली आहे, त्याने तिचा अर्थ आकड्यांत अनुभवलेला असतो. या रविवारी त्याच्या शेजारी बसा आणि ‘कितीची फेरी झाली?’ असे विचारण्याऐवजी ‘या वळणाला ब्रेक कोठे दाबतोस आणि का?’ असे विचारा. तो उत्साहाने सांगू लागेल. सांगून झाले, की गाडीच्या आणि स्कूटरच्या किल्ल्या कोणत्या वयापर्यंत कपाटात राहतील, तेही त्याच बैठकीत ठरवून टाका. त्या क्षणी तो ऐकण्याच्या मनःस्थितीत असेल.