कच्चा लिंबू कोणीच नाही



शाळांना सुट्टी लागली की चाळीत, वस्तीत, क्वार्टर्समध्ये सगळीकडे एकच दृश्य दिसते. दोन दांडगी पोरे कप्तान होतात आणि आळीपाळीने भिडू निवडतात. ज्याची गोलंदाजी चांगली तो आधी, आणि ज्याच्या मालकीची बॅट तोही आधी! शेवटी उरतात दोन-तीन लहानगी, एखादी मुलगी, एखादा अंगाने जड मुलगा. त्यांच्याकडे बघून कप्तान म्हणतो, “हा कच्चा लिंबू.” कच्चा लिंबू म्हणजे काय, हे कोणाला सांगावे लागत नाही. तो मैदानात असतो, धावतो, घामाघूम होतो, पण त्याची धाव धरत नाहीत आणि तो बाद झाला तरी बाद नसतो. लहान पोराला खेळात सामावून घेण्याची ही माया आहे असे पुष्कळांना वाटते. थोडीफार मायाही असेल. पण चौथीतल्या त्या पोराला एकदा विचारून बघा. आपण खेळतो आहोत की नुसते उभे आहोत, हे त्याला बरोबर कळते. मोजदादीतून वगळले जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

आता खेळाचे नियम काही आभाळातून पडलेले नाहीत. क्रिकेट मोठ्या मैदानाचा खेळ, पण तो गल्लीत आला तेव्हा पोरांनी तो आपल्या मापाने कापून घेतला. एक टप्पा आऊट. चेंडू कोणाच्या घरात गेला तर आऊट. गटारात गेला तर ज्याने मारला त्याने काढायचा. हे कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. जागा अपुरी होती म्हणून झाले. म्हणजे नियम करण्याची अक्कल आमच्या पोरांत आहेच. मग कच्चा लिंबू उरणारच नाही असा एखादा सबंध खेळ का करता येऊ नये? हसण्यावारी नेऊ नका. जगभर खेळला जाणारा बास्केटबॉल एका मास्तरने अडचणीत सापडल्यावर दोन आठवड्यांत बसवला आहे.

त्या मास्तरांचे नाव जेम्स नेस्मिथ. जन्म १८६१, कॅनडातला. नऊ वर्षांचे असताना आई-वडील दोघेही विषमज्वराने गेले, मामाने सांभाळले. मध्ये शाळा सुटली, काही वर्षे जंगलात लाकूडतोडीचे काम केले, मग पुन्हा शिकायला बसले. १८९१ साली ते अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत व्यायामशिक्षक होते. तिथे अठरा जणांचा एक वर्ग होता. हे काही पहिलवान नव्हेत, संस्थेची कचेरी चालवण्याचे शिक्षण घेणारे लोक, म्हणजे आमच्यासारखेच कारकुनी बाण्याचे! बाहेर बर्फ, आत रोज त्याच त्या कवायती. वर्ग कंटाळला आणि कंटाळलेला वर्ग उनाड झाला. आधीच्या दोन शिक्षकांनी हात टेकले होते. शाळेच्या प्रमुखांनी नेस्मिथना सांगितले, चौदा दिवसांत या मंडळींसाठी घरात खेळता येईल असा खेळ काढा.

नेस्मिथनी आधी माहीतच असलेले मैदानी खेळ आत आणून पाहिले. पण लाकडी जमिनीवर आणि चार भिंतींत धक्काबुक्कीचा खेळ म्हटला की हातपाय मोडणार. मग ते विचार करीत बसले, आणि तो विचार कसा चालला हे फार शिकण्यासारखे आहे. मारामारी का होते? चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडावे लागते म्हणून. मग चेंडू घेऊन पळायचेच नाही! ज्याच्या हाती चेंडू आला त्याने जागेवरूनच दुसऱ्याकडे फेकायचा. पाडापाडीचे कारणच संपले. पुढचा प्रश्न गोलाचा. समोर उभा गोल ठेवला की जो तो जीव खाऊन चेंडू मारणार. इथे त्यांना लहानपणचा एक खेळ आठवला. मोठ्या दगडावर छोटा दगड ठेवायचा आणि लांबून दगड मारून तो पाडायचा. आमच्या लगोरीचा हा लांबचा भाऊच म्हणा. त्यात जोरात मारणाऱ्यापेक्षा अलगद, वरून कमान करून टाकणारा जास्त वेळा जिंकायचा. मग गोल आडवा करावा, तोंड आभाळाकडे, आणि तो डोक्याच्या वर टांगावा. तिथे ताकद चालत नाही, नेम चालतो.

शाळेच्या शिपायाकडे त्यांनी दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच फळांच्या दोन टोपल्या मिळाल्या. त्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. सज्जा दहा फुटांवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर, आणि आजही जगभर बास्केटबॉलचे कडे दहा फुटांवरच असते! तेरा नियम टंकलिखित करून फलकावर लावले आणि डिसेंबर १८९१ मध्ये नऊ विरुद्ध नऊ असा पहिला सामना झाला. सबंध खेळात गोल पडला एकच. टोपलीला बूड होते, त्यामुळे चेंडू काढायला शिडी लावावी लागली. बूड काढून टाकावे हे सुचायला पुढे बराच काळ गेला, हे वाचून आम्हाला मोठे समाधान वाटते. सरकारी कचेऱ्याच तेवढ्या सावकाश चालत नाहीत.

पण आमचा मुद्दा पुढचा आहे. खेळ एकच, पण नियम कोण लिहितो त्यावर तो कोणाचा होतो हे ठरते. दुसऱ्याच वर्षी, १८९२ मध्ये, जवळच्या एका महिला महाविद्यालयातल्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी हा खेळ आपल्या विद्यार्थिनींना शिकवला. बायकांनी धावू नये, दमू नये अशी त्या काळची समजूत. त्यांनी मैदानाचे तीन भाग पाडले आणि जिने त्याच भागात राहावे असा नियम केला. हातातला चेंडू हिसकावून घेण्याला मनाई केली. मुली मैदानात आल्या हा मोठाच लाभ. पण आखलेल्या रेषेच्या आतच.

याहून धीट पाऊल टाकले हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या एका शाळामास्तरने. निको ब्रुकहाउसन असे त्यांचे नाव. १९०२ साली ते स्वीडनला एका अभ्यासवर्गाला गेले, तिथे कड्यातून चेंडू टाकण्याचा एक खेळ पाहिला, आणि परत येऊन मुलामुलींनी एकत्र खेळायचा ‘कॉर्फबॉल’ तयार केला. कॉर्फ म्हणजे त्यांच्या भाषेत टोपली. आज या खेळात एका संघात चार पुरुष आणि चार स्त्रिया असतात. पुरुषाने पुरुषाला अडवायचे, स्त्रीने स्त्रीला. चेंडू घेऊन पळायचे नाही, टप्पे मारीत न्यायचाही नाही. अडवणारा समोर नीट उभा असेल तर टोपलीत टाकायची परवानगीच नाही, त्यामुळे साथीदारांवाचून कोणाचे चालत नाही. आणि सर्वांत नामी नियम हा की दर दोन गोलांनंतर गोल करणारे आणि अडवणारे जागा बदलतात. कोणी कायमचा चढाईवाला नाही, कोणी कायमचा राखणदार नाही. मुलेमुली एकत्र खेळतात म्हणून त्या काळी तिकडेही लोकांनी नाके मुरडली होती. खेळ टिकला. १९२० आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये तो प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला.

हे सारे डोक्यात असताना आम्ही या सुट्टीत वस्तीतली बारा पोरे विहाराच्या अंगणात जमवली. सात ते चौदा वयाची, पाच मुली, सात मुलगे. सामान काय? जुन्या मोज्यांत चिंध्या ठासून शिवलेला, नारळाएवढा चेंडू आणि गवंडीकाम करणाऱ्या एका भावाकडून आणलेली दोन लोखंडी घमेली. चिंध्यांचा चेंडू मुद्दाम घेतला. तो काच फोडत नाही, लागत नाही, गटारापर्यंत घरंगळत नाही आणि घमेल्यात पडला की तिथेच राहतो. पडताना मात्र ठण्ण असा नामी आवाज येतो. त्यावरून पोरांनीच खेळाचे नाव ठेवले ‘ठणठण’. एकही गोल न करणारी बाजू अर्थातच ठणठणगोपाळ!

वीस पावले लांब आणि दहा पावले रुंद जागा राखेने आखली. दोन्ही टोकांना एकेक वर्तुळ, त्यात प्रत्येक बाजूचा एक भिडू घमेले घेऊन उभा. त्याने वर्तुळाबाहेर पाय टाकायचा नाही, पण घमेले पुढे-मागे करून आपल्या भिडूने टाकलेला चेंडू झेलायचा. वर्तुळापासून तीन पावलांच्या आत दुसऱ्या कोणी शिरायचे नाही. चेंडू हातात आला की चालायचे नाही. समोरच्या बाजूने मोठ्याने पाच आकडे मोजायचे, तेवढ्यात तो दुसऱ्याकडे गेला पाहिजे. अंगाला हात लावला, हिसकावले, ढकलले की चेंडू समोरच्यांचा. घमेल्यात टाकण्यापूर्वी तो निदान तीन हातांतून गेला पाहिजे. दहा-दहा मिनिटांचे दोन डाव. एवढे तर नेस्मिथ आणि ब्रुकहाउसन यांच्या पुण्याईवर जमले.

भिडू वाटण्याचा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटत होता, कारण अपमान होतो तो तिथेच. आळीपाळीने निवडणे बंद केले. एका कप्तानाने सगळ्यांचे दोन गट पाडायचे आणि दुसऱ्याने त्यातला हवा तो गट उचलायचा. भाकरीचे दोन तुकडे एकाने करावेत आणि पहिला तुकडा दुसऱ्याने घ्यावा, तसेच हे. गट पाडणारा मग डोळ्यांत तेल घालून समान पाडतो! दांडगी दोघे दोन्हीकडे, लहानगी दोन्हीकडे. शेवटी उरला असा कोणी राहतच नाही.

तरी पहिल्या डावात काय झाले? मोठी तीन पोरे आपसात चेंडू फेकत राहिली. तीन हात झाले, ठण्ण. चौथीतली एक मुलगी दोन्ही हात पसरून “इकडे, इकडे” करीत राहिली. तिच्याकडे चेंडू आला नाही. नियमाप्रमाणे सगळे बरोबर आणि पोरगी मात्र कच्चा लिंबूच. डाव थांबवून आम्ही पोरांनाच विचारले, आता काय करावे? एक म्हणाला, सगळ्यांच्या हातातून जायलाच पाहिजे असे करा. दुसऱ्याने लगेच सांगितले, मग समोरचे एकट्या छोटीलाच घेरून बसतील आणि गोलच होणार नाही. खरे होते. तेव्हा सातवीतला एक मुलगा, हिशोबाला पक्का, म्हणाला, “ज्याने अजून गोल केला नाही त्याच्या गोलाचे दोन धरा. एकदा केला की नंतर एक.”

आम्ही रोज जमाखर्चात वावरणारे, पण इतकी सुरेख नोंद आमच्याही हातून झाली नसती. दुसऱ्या डावात खेळाचे रूपच पालटले. मोठ्यांचे पहिले गोल लवकर होऊन गेले, त्यांचा भाव एकावर आला. आणि ज्यांना कोणी विचारत नव्हते ती पोरे दोनाची झाली! आता मोठेच ओरडू लागले, “तिला दे, तिला दे, तिचा बाकी आहे.” समोरचेही तिला सोडून भागेना, दोघे तिच्याभोवती. त्यामुळे बाकीचे मोकळे. तिने दोनदा टाकला, दोनदा हुकला. तिसऱ्यांदा घमेलेवाल्याने गुडघे टेकून घमेले खाली धरले आणि आवाज आला. आम्ही वहीत तिच्या नावापुढे दोन मांडले. ती स्वतः येऊन वही बघून गेली.

आणखी एक नियम ब्रुकहाउसन मास्तरांकडून घेतला, थोडा फिरवून. ज्याने गोल केला त्याने पुढे घमेले धरायचे आणि घमेलेवाल्याने मैदानात यायचे. त्यामुळे एकच बहाद्दर लागोपाठ गोल ठोकत बसत नाही. असा एक बहाद्दर घमेले धरून तळमळत उभा राहिलेला पाहण्यात मजा असते.

एका वडीलधाऱ्या काकांनी हटकले, “साहेब, खेळ कसला शिकवता? पोरांना अभ्यासाला बसवा.” त्यांची काळजी आम्ही समजू शकतो, शिक्षणावाचून आम्हाला दुसरी वाट नाही. त्यांना आम्ही एवढेच सांगितले की टोपल्या ठोकणारा तो मास्तर पुढे १८९८ मध्ये डॉक्टरही झाला. एका आईचा प्रश्न वेगळा होता. मोठ्या मुली मुलग्यांबरोबर खेळणार का? आम्ही म्हटले, अंगाला हात लावला की चेंडू जातो, हा नियम तुम्हीच पंच होऊन पाळून घ्या. पुढच्या रविवारी त्या खरेच शिट्टी घेऊन आल्या. त्यापुढच्या रविवारी महिला मंडळाच्या भगिनींनी पदर खोचून स्वतःच एक डाव टाकला आणि आमच्या वहीतले आकडे चुकले म्हणून आमच्याशीच भांडल्या. आकडे बरोबर होते.

तुमच्याकडे घमेले नसेल तर जुने पातेले चालेल. प्लॅस्टिकची बादली नको, आवाज येत नाही. जागा अरुंद असेल तर चार-चारच खेळा. पावसाळ्यात चिंध्यांचा चेंडू भिजून जड होतो, लहानांना लागतो, तेव्हा तो वाळवूनच वापरावा. आमच्या पोरांचा एक वाद मात्र अजून मिटलेला नाही. समोरच्यांनी अडवताना चुकून आमच्याच घमेल्यात चेंडू ढकलला, तर तो गोल कोणाच्या नावावर मांडायचा? सातवीतल्या हिशोबनीसाचे म्हणणे, कोणाच्याच नाही. छोटी म्हणते, ज्याचा बाकी आहे त्याच्या. तुमच्या वस्तीतल्या पोरांना विचारून त्यांचा निकाल आम्हाला जरूर कळवा.