करवतीआधी फरशी उचला

अंगणातला जुना कडुलिंब वाळला की आपण सोलापूरकर उन्हाला दोष देतो आणि करवतवाल्याला बोलावतो. पारा ४४ अंशांवर जातो, हे खरे. पण चाळीस उन्हाळे काढलेले झाड एकेचाळिसाव्यात एकट्या उन्हाने सहसा मरत नाही. बुंध्याभोवती गेल्या दोन-चार वर्षांत आपण काय केले, ते आधी आठवा.

पेव्हर ब्लॉक कधी बसवले? पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. त्यांच्यावर मुरूम दाबून फरशी घातली की पाणी अडते, हवाही अडते. आपली काळी माती आधीच चिकट. दाबली की मुळे गुदमरतात. झाड साठवणीवर काही वर्षे तग धरते, मग शेंडा वाळू लागतो. तोवर फरशीचे काम कोणाच्या लक्षातही नसते. म्हणूनच खरा गुन्हेगार सुटतो.

झाडाकडे नीट पाहा. एकच बाजू वाळली असेल, तर तिकडे पाइपसाठी चर खणला होता का? पानांच्या कडा करपल्या असतील, तर बोअरच्या खाऱ्या पाण्यावर संशय घ्या. खोडाला बारीक भोके आणि भुसा दिसला तर किडा आहे. मात्र तो बहुधा आधीच खंगलेल्या झाडावर येतो, नुसत्या फवारणीने भागत नाही. दारचे डाळिंब एकाएकी पिवळे पडून वाळले, तर मर रोग असू शकतो; केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच दाराशी आहे, तिथे विचारा. आणि फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवे दिसले तर ती फांदी जिवंत आहे.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला लावले. आपल्या महापालिकेकडेही रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडासाठी हेच मागू या. घरचे झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे राज्याचा १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा सांगतो.

मृगाआधी बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढा, मीटरभर तरी, जमेल तितके जास्त. खोल खणू नका. खुरप्याने माती मोकळी करा, पालापाचोळा अंथरा, तो खोडाला टेकू देऊ नका. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत फरशीचा विषय निघाला, तर हात वर करा.