पाणी आलेल्या गावांचं उसनं स्थैर्य

स्थलांतराचा विषय निघाला की डोळ्यांपुढे बीडची ऊसतोड टोळी येते. जुन्नरच्या पूर्व पट्ट्यातलं निमगाव सावा येत नाही. इथे ऊस आहे, कांदा आहे, भाजीपाला आहे आणि नारायणगाव-आळेफाट्याचे बाजार जवळ आहेत. असा भाग हवामानबदलाच्या चर्चेत सहसा ‘सुरक्षित’ रकान्यात टाकला जातो. माझ्या मते धोका नेमका त्या रकान्यात आहे.

जुन्नर-आंबेगावचा माणूस घर सोडायला नवखा नाही. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू मुंबईला गेले ते पोटासाठी. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या मालमोटारीसमोर ते हुतात्मा झाले, म्हणून त्यांचं नाव राहिलं. त्याच वाटेने गेलेल्या हजारोंचं राहिलं नाही. गिरणी, हमाली, भायखळ्याचा आणि नंतर वाशीचा भाजीबाजार, असा हा प्रवास पिढ्यान् पिढ्या चालला. १९७२च्या दुष्काळाने तो वाढवला, तर १९८२च्या गिरणी संपाने बऱ्याच जणांना रिकाम्या हाताने माघारी धाडलं. हे आठवायचं कारण असं की प्रत्येक गेलेल्या माणसाचा हिशेब हवामानाच्या खात्यावर मांडण्याची हल्ली घाई होते. जमिनीचे तुकडे, मजुरीतला फरक, शिक्षण, लग्नाचा बाजार ही कारणं जुनीच आहेत. हवामान त्यांच्यावर भार टाकतं आणि जिथे आधीच तडा आहे तिथे मोडतं.

पूर्व भागातलं बाहेर जाणं कमी झालं ते पाण्यामुळे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी जिरायतीचं बागायत केलं. डिंभ्याच्या जलाशयाला बाबू गेनूंचंच नाव आहे. त्याच जलाशयाखाली जुनं आंबेगाव गेलं आणि आदिवासींची खाचरंही गेली. म्हणजे खालच्या माणसाला गावात थांबवणाऱ्या पाण्याने वरच्या माणसाला आधी उठवलं. शेजारचं आणे पठार मात्र आजही पावसाच्याच भरवशावर आहे. पाणी आलं नसतं तर काय झालं असतं, हे पाहायला फार लांब जावं लागत नाही.

आता हे पाणी येतं कुठून ते पाहू. भीमाशंकरच्या रांगेत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला सरकलं की तो पाचशे-सहाशेवर येतो. कालव्याने पूर्वेकडच्या शेतकऱ्याची आपल्या आभाळावरची मदार कमी केली आणि ती सह्याद्रीच्या आभाळावर नेऊन ठेवली. ते आभाळही पूर्वीचं राहिलेलं नाही. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, आणि त्या पट्ट्यात सह्याद्रीचा भागही मोडतो. चार दिवसांत धरण भरतं, दरवाजे उघडावे लागतात आणि पाणी खाली निघून जातं. मग लांबलेल्या उघडिपीत प्रत्येकाला आवर्तन हवं असतं. श्रीगोंदा, कर्जत, करमाळा इथली कालव्याच्या टेलची माणसं वाट पाहत असतात. डिंभे-माणिकडोह बोगद्यावरून आंबेगाव आणि खालचे तालुके आमनेसामने आले ते उगीच नाही. पाऊस बेभरवशी होईल तसं हे भांडण तीव्र होत जाणार.

तरी पाण्यापेक्षा मोठी जोखीम मला पिकाच्या भांडवलात दिसते. बाजरी बुडाली तर बियाणं आणि कष्ट बुडतात. टोमॅटो, कांदा, द्राक्ष बुडालं तर रोपं, मल्चिंग, ठिबक, औषधं, मजुरी आणि खंडाने घेतलेल्या रानाचे पैसे असं सगळंच बुडतं, आणि त्यातला बराच भाग कर्जाचा असतो. मे २०२५ मध्ये मॉन्सून नेहमीपेक्षा कितीतरी आधी राज्यात आला; त्याआधीच वळवाने झोडपलं होतं. मे म्हणजे उन्हाळ कांदा काढून बराखीत भरायचा काळ. ओला झालेला कांदा बराखीत टिकत नाही, म्हणून तो मिळेल त्या भावाने विकावा लागतो. टिकवून, भाव पाहून विकणं हीच ज्या पिकाची सारी कमाई, तिथे एवढं नुकसान पुरेसं असतं. आणि हे फक्त आभाळाचं पाप नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती मे २०२४ पर्यंत उठली नाही. वाईट हंगामाची भरपाई चांगल्या हंगामात करायची, हा शेतकऱ्याचा जुना हिशेब. चांगल्या भावालाच कुलूप लागलं की तो मोडतो.

असा हिशेब मोडला की आधी कोण हलतं? जमिनीचा मालक नव्हे. भाताची कापणी उरकली की पश्चिमेकडचे महादेव कोळी आणि ठाकर मजूर नारायणगावला उतरतात, तिथून बागायतदारांच्या रानात जातात. ज्यांच्या डोंगरावर ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव गाडलं गेलं आणि दीडशेच्या वर माणसं दगावली, ज्यांचे हिरडे ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने मोडले, तीच ही माणसं. भात गेला, हिरडा गेला की त्यांना पूर्वेच्या कांदालागणीचाच आधार. उद्या कांद्याचं क्षेत्र घटलं तर वरचा आणि खालचा असे दोन्ही आधार एकाच वर्षी सुटतील. ऊसतोड टोळ्यांचंही तेच: मुकादमाची उचल घेऊन आलेलं कुटुंब उसाच्या कडेला कोपीत राहतं, बिबट्याच्या तोंडाशी. ऊस कमी निघाला तर उचल फिटत नाही आणि पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे बांधून यावं लागतं.

त्यानंतर पाळी लहान शेतकऱ्याच्या मुलाची. तो चाकणला किंवा रांजणगावला कंत्राटी कामावर जातो आणि मोटारसायकलवर येऊन-जाऊन राहतो. म्हणून कुणी त्याला स्थलांतरित म्हणत नाही. रान मात्र हळूहळू खंडाने जातं. जागतिक बँकेच्या २०१८ च्या ‘ग्राउंडस्वेल’ अहवालाचा अंदाज असा की वाईटात वाईट परिस्थितीत २०५० पर्यंत दक्षिण आशियात सुमारे ४ कोटी लोक हवामानामुळे आपापल्या देशातच जागा बदलतील. त्या कोट्यवधींमध्ये लोंढेच असतील असं नाही. असे एकेकटे निघालेलेही पुष्कळ असतील.

उपाय अजिबात नाहीत असं नाही. आंबेगावच्या डोंगरात गावकऱ्यांनी एकमेकांच्या श्रमाने खाचरं बांधायची ‘पडकई’ची जुनी रीत आहे. ‘शाश्वत’ संस्थेच्या आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांनी तिला रोजगार हमीचा आधार मिळावा म्हणून वर्षानुवर्षं धडपड केली. ज्याच्या वाट्याला भाताचं एक खाचर जास्त आलं, त्याला महिनाभर तरी उशिरा उतरावं लागतं. पूर्वेकडे मात्र असा विचारच नाही. तिथली मदत अजून सातबारा धरून चालते. गारपीट झाली की तलाठी पंचनाम्याला येतो, तेव्हा पैसे सातबारावरच्या नावाने निघतात. तोंडी खंडाने रान कसणाऱ्याचं नाव त्यावर नसतं. रोजगार बुडालेल्या मजुराची नोंद करायला पंचनाम्यात जागाच नाही, आणि तो तोवर दुसऱ्या बाजाराकडे निघूनही गेलेला असतो.