घड्याळ त्यांचं, गहाणखत आपलं

गेल्या महिन्यात अमळनेरला घरी गेलो होतो. मगरिबनंतर मोहल्ल्यातले एक चाचा भेटायला आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. त्यांच्या धाकट्या मुलाला अमेरिकेत एम.एस.ला प्रवेश मिळाला आहे. कर्ज ३५ लाखांचं. त्यासाठी राहतं घर बँकेकडे गहाण ठेवायचं आणि वरच्या खर्चासाठी एक प्लॉट विकायचा, असं घरात ठरलं होतं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "बेटा, पढाई के बाद तीन साल की नौकरी तो पक्की है ना? एजंट बोला, वहाँ का कायदा है."

मला लगेच उत्तर देता आलं नाही. हा गैरसमज त्यांच्या घरात एजंटच्या आधी मीच पोचवला होता. २०१९ साली मी अमेरिकेतून परत आलो, तेव्हा सगळ्यांना सांगितलं की अब्बांच्या तब्येतीसाठी आलो. अब्बा तेव्हाही रोज दुकानावर बसत होते, आजही बसतात. मी परत आलो कारण माझी परवानगी संपली होती. हे सांगायची लाज वाटली. त्या एका खोट्याचा परिणाम असा, की मोहल्ल्यातल्या पोरांना माझी गोष्ट 'गेला, कमावलं, मर्जीने परतला' अशी माहीत आहे. म्हणून आज हे लिहितो आहे.

आधी नियम नीट समजून घेऊ. अमेरिकेत एफ-वन व्हिसावर शिकणाऱ्याला पदवीनंतर १२ महिने आपल्या विषयातलं काम करण्याची परवानगी मिळू शकते. तिला ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग, म्हणजे ओपीटी म्हणतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित या 'स्टेम' विषयांतली पदवी असेल तर आणखी २४ महिने. एजंटचे 'तीन साल' ते हेच.

पण ही परवानगी काम करण्याची आहे, काम मिळण्याची नाही. पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. वाढीव मुदत मिळाली तर सगळे मिळून १५० दिवस. पेट्रोल पंपावरचं किंवा हॉटेलातलं काम यात धरलं जात नाही, काम पदवीच्या विषयाशी थेट जोडलेलं हवं. वाढीव २४ महिन्यांसाठी मालक सरकारच्या ई-व्हेरिफाय यंत्रणेत नोंदलेला हवा, आठवड्याला किमान २० तासांचं पगारी काम हवं, आणि मालकाने प्रशिक्षणाचा आराखडा सही करून द्यायला हवा. दर सहा महिन्यांनी विद्यापीठाकडे आपली माहिती पक्की करायची. मला पहिली नोकरी ७१व्या दिवशी मिळाली. त्या ७१ दिवसांत मी घरी फोनवर काय काय सांगितलं, ते आता आठवायलाही नको वाटतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. चाचांना एजंटने 'कायदा' हा शब्द सांगितला. ओपीटी अमेरिकेच्या संसदेने कायद्याने दिलेला हक्क नाही. प्रशासनाने नियम करून दिलेली ती सवलत आहे. स्टेम विषयांची वाढीव मुदत २००८ साली आली, तेव्हा ती १७ महिने होती. वॉशिंग्टन राज्यातल्या तंत्रज्ञान कामगारांच्या एका संघटनेने, वॉशटेकने, तिच्याविरुद्ध दावा लावला. १२ ऑगस्ट २०१५ ला न्यायाधीश एलन हुवेल यांनी तो नियमच रद्द ठरवला, कारण लोकांची मतं न मागवता तो घाईने आणला होता. गोंधळ नको म्हणून निकालाची अंमलबजावणी काही महिने लांबवली गेली.

तेव्हा माझं दुसरं वर्ष सुरू होत होतं. घरचं कर्ज १७ महिन्यांच्या भरवशावर काढलेलं, आणि ते १७ महिने एका सकाळी अधांतरी. पुढे नवा नियम आला, मुदत २४ महिने झाली आणि १० मे २०१६ ला तो लागू झाला. त्याच महिन्यात माझी पदवी हातात पडली. मी हुशारीने नाही, तारखेने वाचलो. पुढच्या दाव्यात २०२२ साली अपील न्यायालयाने नियम टिकवला, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. आपल्याकडे याचा अर्थ 'आता पक्कं झालं' असा लावला जातो. पण न्यायालयाने मान्य केला तो प्रशासनाचा नियम करण्याचा अधिकार. जो नियम करू शकतो तो रीतसर प्रक्रिया करून मोडूही शकतो. अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर सेवा खात्याचे संचालक जोसेफ एडलो यांनी नेमणुकीआधीच, मे २०२५ मध्ये, सिनेटपुढच्या सुनावणीत सांगितलं होतं की शिक्षण संपल्यानंतरची ही कामाची परवानगी काढून टाकावी असं त्यांना वाटतं.

तीन वर्षं मिळाली तरी पुढे काय? पुढे एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकेतली मास्टर्स किंवा त्यावरची पदवी असलेल्यांसाठी आणखी २० हजार. माझा अर्ज तीनदा गेला, २०१७, २०१८ आणि २०१९ ला. तिन्ही वर्षी या ८५ हजार जागांसाठी १ लाख ९० हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त अर्ज होते, आणि निवड संगणकाने काढलेल्या चिठ्ठीवर. माझं काम कसं आहे, हे तिथे कुणी विचारलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली. देशात राहूनच विद्यार्थ्याचा दर्जा बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाही, असं खात्याने ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलं. ही सूटही पुन्हा सवलतच.

तिसऱ्यांदा नाव आलं नाही, तेव्हा एका कन्सल्टन्सीवाल्याने मला मार्ग सुचवला. एखाद्या कॉलेजात पुन्हा नाव घालायचं, पहिल्या दिवसापासून 'अभ्यासक्रमाचा भाग' म्हणून काम करायचं, वर्गात गेलं नाही तरी चालतं. मन डळमळलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच वर्षी जानेवारीत मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठाचं प्रकरण उघड झालं होतं. ते विद्यापीठ अमेरिकी तपास यंत्रणेनेच उभं केलेलं होतं, शिक्षक नाहीत, वर्ग नाहीत. सुरुवातीला पकडलेल्या सुमारे १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते. मी विमानाचं तिकीट काढलं.

आता या नियमाच्या पोटातलं खोटं सांगतो. तीन वर्षं माणूस पूर्णवेळ राबतो, पण कागदावर तो 'प्रशिक्षण घेणारा विद्यार्थी' असतो. पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे त्याच्या पगारावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर लागत नाही. त्याचे पैसे वाचतात, आणि मालकाचेही ७.६५ टक्के वाचतात. तिथल्या कामगार संघटना म्हणतात की हे मालकाला मिळालेलं अनुदान आहे. त्यांचा राग आपल्या पोरांवर निघतो तो चूक, पण मुद्दा खोटा नाही. नोकरी गेल्याबरोबर ज्याचं दिवस मोजणारं घड्याळ सुरू होतं, तो पगारवाढ मागत नाही, जादा तासांची तक्रार करत नाही. मी तीन वर्षांत एकदाही केली नाही. अशा माणसाचा तोटा त्याच्या शेजारी बसणाऱ्या अमेरिकनालाही होतोच.

आपल्या समाजातल्या मुलामुलींनी आणखी एक गोष्ट ओळखून जावं. २५ मार्च २०२५ ला टफ्ट्स विद्यापीठाची तुर्की विद्यार्थिनी रुमेसा ओझतुर्क हिला रस्त्यावरून उचललं. तिचं नाव विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातल्या गाझाविषयीच्या एका लेखावर होतं. त्याच महिन्यात जॉर्जटाउन विद्यापीठात संशोधन करणारे भारतीय बदर खान सुरी यांना अटक झाली. दोघांना मे महिन्यात न्यायालयांनी सोडलं. त्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी अचानक बंद केल्या गेल्या आणि दावे झाल्यावर पुन्हा सुरू केल्या. न्यायालयं तिथे उभी राहिली, हे मान्य करायलाच हवं. पण घर गहाण असलेल्या पोराला वकील परवडत नाही. तो गप्प राहायला शिकतो.

मग काय, जाऊच नये? असं मी म्हणत नाही. तिथे जे शिकलो त्यावरच आज पुण्यात माझं घर चालतं. सच्चर समितीने २००६ साली दाखवलं की २० वर्षांवरच्या मुस्लिमांत पदवी किंवा पदविका असलेले ४ टक्क्यांहून कमी होते. अशा समाजाने एकही दार बंद करू नये. माझं भांडण दोघांशी आहे, सवलतीला हक्क म्हणून विकणाऱ्यांशी आणि ते ऐकून टाळ्या वाजवणाऱ्या आपल्याशी.

मुलाचा प्रवेश झाला की आपण सत्कार करतो. शाल, बुके, चौकात फलक. त्या सत्कारात कुणी हिशोब विचारत नाही. तो मी इथे करतो. ३५ लाखांवर ११ टक्क्यांनी दोन वर्षांचं साधं व्याज ७ लाख ७० हजार. म्हणजे पदवीच्या दिवशी डोक्यावर ४२ लाखांहून जास्त. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ५८ हजारांचा हप्ता. डॉलरमधल्या पगारातून तो सहज जातो. परत आलात तर पुण्यात किती नवे इंजिनिअर तो भरू शकतात, तुम्हीच सांगा. जळगाव-धुळ्याची तर गोष्टच सोडा.

आणि हा भार हलका करणारी जी योजना होती तिचं काय झालं? केंद्राच्या 'पढो परदेश' योजनेत ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या अल्पसंख्याक कुटुंबांच्या मुलांचं, शिक्षणाच्या आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळातलं, २० लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज सरकार भरत असे. ३५ टक्के जागा मुलींसाठी होत्या. ही योजना २०२२-२३ पासून बंद झाली. वीस लाखांवर ११ टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज ४ लाख ४० हजार होतं, खानदेशातल्या एखाद्या छोट्या दुकानदाराची ती दोन वर्षांची कमाई असू शकते. घरात एकच गहाण ठेवता येईल असं घर असेल, तर ते मुलासाठी ठेवलं जातं, मुलीसाठी नाही. योजना बंद झाली तेव्हा आपल्या मोहल्ल्यात एक निवेदनही निघालं नाही. फलक मात्र दर जुलैला लागतात.

अमळनेरमध्ये हा विषय निघाला की कुणीतरी अझीम प्रेमजींचं नाव घेतोच. १९४५ साली त्यांच्या वडिलांनी, एम. एच. हाशम प्रेमजींनी, आपल्या गावात वनस्पती तुपाचा कारखाना काढला, तीच पुढची विप्रो. १९६६ साली वडील वारले, तेव्हा २१ वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डमधलं शिक्षण अर्धवट टाकून परतले. पुढचं सगळं त्या परतण्यातून घडलं. ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी, परतणं म्हणजे हरणं नव्हे हे त्यातून कळतं. पण पूर्ण सांगावी. त्यांची वाट पाहत कारखाना होता. आपल्या पोरांची वाट हप्ता पाहत असतो.

म्हणून तीन मागण्या. पहिली आमच्यासारख्या परतलेल्यांकडे: खरं कारण सांगा, अब्बांची तब्येत मध्ये आणू नका. दुसरी मोहल्ल्यातल्या ट्रस्ट आणि जमातींकडे: शाल देण्याआधी त्या कुटुंबासोबत एक संध्याकाळ बसा आणि भारतातल्या पगारावर हप्त्याचा हिशोब मांडा. तो बसला तर पाठवा, नाही बसला तर कमी खर्चाचं विद्यापीठ शोधा, किंवा इथे दोन वर्षं नोकरी करून मग पाठवा. तिसरी मागणी सरकारकडे, आणि ती तुम्ही तरुणांनीच करायची आहे: 'पढो परदेश' पुन्हा सुरू करा. खासदाराला पत्र लिहा, अधिवेशनात प्रश्न विचारायला लावा. अमेरिकेच्या नियमावर आपलं मत चालत नाही. इथल्या खासदाराला मात्र आपण मत देतो.

त्या संध्याकाळी मी चाचांना शेवटी सगळं सांगितलं, ७१ दिवस, तीन चिठ्ठ्या, अब्बांबद्दलचं खोटं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कागद पिशवीत भरत म्हणाले, "ये बात तूने पहले क्यों नहीं बताई?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा वही घेऊन आला आणि आम्ही हिशोबाला बसलो. त्याने काय ठरवलं ते अजून मला माहीत नाही. प्लॉटचा सौदा तेवढा सध्या थांबवला आहे.